एन्टरखालची अक्षत

दसऱ्याला आमच्या घरी अजूनही लॅपटॉपची पूजा होते. बायको हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते, आणि अक्षता टाकायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जातो. "तुमचं आपलं दरवर्षीचं," ती म्हणते. तिला वाटतं, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नाही. तांदळाच्या एका दाण्याच्या आडोशाला उभं राहून मी एका भल्या माणसाचं नुकसान केलं आणि ते आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं एकदाच, ज्याचं नुकसान केलं त्याला. त्याचा काय उपयोग झाला ते पुढे येईलच.

नव्वदीच्या शेवटाशेवटाची वर्षं. मी सांगलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो होतो. वय सव्वीस, नोकरी तात्पुरती. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते जूनमध्ये ठरणार होतं. विभागात माणसं बरीच होती, पण या गोष्टीला दोनच लागतात: मॅडम आणि मामा.

मॅडम वाईच्या. जीवरसायन शिकवायच्या, येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा जो रेणू, हिमोग्लोबिन, तो त्यांनी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढला. चार साखळ्या, चार रंगांचे खडू. लाल खडू नेहमी आधी संपायचा, मग उरलेलं वर्षभर हिमोग्लोबिन हिरवं असायचं.

मामा म्हणजे विभागाचे शिपाई. कडेगावकडचे, पंधरा वर्षं पलटणीत काढून आलेले. घंटा, चहा, नोटिसा, फळा पुसणं हे सगळं त्यांच्याकडे. प्रयोगशाळेतल्या अटेंडंटची जागा त्याच जूनमध्ये रिकामी होणार होती आणि ती मामांना मिळणार असं सगळे धरून चालले होते. मामांना त्या जागेतला हवा होता तो पांढरा कोट. तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण माझा कोट इस्त्रीहून आला की तो खुंटीला टांगताना खांद्यावर नसलेला धागा झटकायचे. मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. "पाव्हण्यांना मी ल्याबमधी हाय म्हणून सांगितलंय," एकदा म्हणाले. "खोटं न्हाई काय. माझं स्टूल ल्याबच्या दारातच हाय."

गावात मामांना याहून मोठा मान होता. लग्नात बँडवाल्याला खूण करायची, ती मामांनी. शेवटचं मंगलाष्टक संपून अंतरपाट खाली गेला की मांडवाबाहेरच्या बँडने वाजवायचं असतं, पण गर्दीमुळे बाहेरच्यांना आतलं ना दिसतं ना ऐकू येतं. म्हणून एक भरवशाचा माणूस हातात रुमाल घेऊन मध्ये उभा राहतो. "दर सावधानला बँडवाल्याचा हात शिवशिवतोय बगा सर," मामा सांगायचे. "पब्लिक अक्षता टाकतंय, त्येला वाटतं झालं लगीन. आपुन रुमाल खालीच धरायचा. आजपातुर आपला बँड कवा आधी वाजला न्हाई."

अशात विभागाला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडकीला पडदा, दारात चपला काढायच्या. प्राचार्यसुद्धा मोजे घालून आत यायचे. सकाळी मॉनिटरचं कव्हर काढून, झटकून, चार पदरी घडी घालायचं काम मामांचं, आणि ती घडी पलटणीतल्या कांबळ्यासारखी काटकोनात असायची. दसऱ्याला मामांनीच त्याची पूजा केली. मॉनिटरला कुंकू, माऊसला कुंकू, झेंडूचा हार, आणि सगळ्यांनी मिळून अक्षता. मीही टाकल्या. ते ध्यानात ठेवा.

मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने पुण्याहून फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम पाठवला, रेणू दाखवणारा. खाली आज्ञा टाइप करायची, वर काळ्या स्क्रीनवर रेणू दिसायचा. हवा तसा रंगवा, हवा तसा फिरवा. मॅडमनी हिमोग्लोबिन पहिल्यांदा फिरताना पाहिलं तेव्हा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि हळूच म्हणाल्या, "मागची बाजू अशी असते होय."

अठ्ठावीस वर्षं त्या पुढचीच बाजू काढत आल्या होत्या.

जानेवारीत साताऱ्याला विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. निवृत्त होण्याआधी तिथे हे दाखवायचं, असं मॅडमच्या मनाने घेतलं. त्यांची अट एकच होती. "पडदा काळा असेल. मग रेणू एकदम यायला हवा, पुरा, रंगीत, फिरता. तुकड्यातुकड्याने नको. अर्धी नटलेली नवरी कोणी बोहल्यावर आणत नाही."

हे काम माझ्याकडे आलं. कारण मी तरुण होतो, आणि तरुणांना कॉम्प्युटर येतो अशी त्या काळी समजूत होती.

सगळ्या आज्ञा एकाखाली एक लिहून फाइल करायची आणि प्रोग्रॅमला ती वाचायला सांगायचं. लग्नाच्या आचाऱ्याला यादी दिल्यासारखं. यादी पुरी होईपर्यंत त्याने काही वाढायचं नाही, सगळं झालं की ताट समोर. आमचा आचारी मात्र दर पदार्थाला ताट घेऊन बाहेर येत होता. आधी राखाडी तारांचं जाळं दिसायचं. मग त्याच जाळ्यात एक साखळी लाल. मग दुसरी पिवळी. मग तारा जाऊन पट्ट्या. दरवेळी स्क्रीन वरून खालपर्यंत नव्याने रंगायची आणि आमच्या मशीनला त्याला दहा-बारा सेकंद लागायचे. भिंतीला गिलावा चढताना बघत बसावं तसं.

मला याचं कारण एक ठाऊक होतं. यादी तयार करताना प्रत्येक टप्पा नीट जमतोय का ते बघायला मीच मध्ये मध्ये 'आता दाखव' अशी आज्ञा घातली होती. त्या ओळी मी शोधून काढून टाकल्या. पाच होत्या, पाचही काढल्या. तरी आचारी बाहेर येतच राहिला.

मग उपाय सुरू झाले. फिजिक्सचे सर म्हणाले, अर्थिंग. त्यांच्याकडे कसलीही तक्रार न्या, ते अर्थिंगच म्हणायचे. एकदा पोट बिघडलं होतं तेव्हाही म्हणाले होते. अर्थिंगसाठी खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून झाला. हेडक्लार्क म्हणाले, व्हायरस असणार, खोली दोन दिवस बंद ठेवा. ती ठेवली. प्राचार्यांनी टेबल पूर्वेला तोंड करून लावायला सांगितलं. लावलं. हिमोग्लोबिन पूर्वेकडे तोंड करूनही तुकड्यातुकड्यानेच आलं.

डिसेंबरात रंगीत तालीम ठेवली. प्राचार्य आले, आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे एक संचालक, ऊसवाले, मोठ्या आवाजाचे. त्यांनी मोजे घातले नव्हते, त्यामुळे पाय खुर्चीखाली ओढून बसले. मॅडम बाजूला उभ्या, हातात कागद. मी फाइल चालवली.

राखाडी जाळं आलं.

"शेवया केल्या काय ओ?" संचालक म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "अजून व्हायचंय, साहेब."

लाल आलं, पिवळं आलं. तारा गेल्या, पट्ट्यांची गुंतवळ आली.

"आता कुरडई झाली. तळायची कवा?"

प्राचार्य आधी हसले, मग संचालक हसत असल्याची खात्री करून परत हसले. मॅडमनी कागदाची घडी घातली, परत एक घडी घातली, आणि तो कागद सुपारीएवढा झाला तरी घालतच राहिल्या. हसणं थांबल्यावर प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय प्रकार आहे हा? साताऱ्यात हे दाखवायचं?"

काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि हलवला. धूळ पडली. पंचिंग मशीनची एक गोल टिकली पडली. आणि टेबलाच्या पांढऱ्या कापडावर तांदळाचा एक दाणा पडला, कुंकवाने लाल झालेला.

संचालक खुर्चीतून पुढे झुकले.

"हे काय?" प्राचार्य म्हणाले.

मामा दारातून पुढे झाले, वाकून बघितलं. "अक्षत हाय सायेब. दसऱ्याची."

"कीबोर्डमध्ये?"

"आत गेली आसंल."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. इतक्या दिवसांत त्यांना समजेल असं पहिलंच कारण सापडलं होतं. "म्हणजे ही एन्टरच्या बटनाखाली अडकली, बटन आपोआप दाबलं गेलं, आणि म्हणून हे सगळं वेळेआधी दिसतंय. बरोबर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संचालक, मॅडम, मामाही. दाणा खरा होता. माझ्यासमोर पडला होता. आणि मला खरंच दुसरं काही माहीत नव्हतं; एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

"शक्य आहे," मी म्हणालो.

एवढेच दोन शब्द. पण त्या दोन शब्दांनी खोली मोकळी झाली. प्राचार्य मोकळे, संचालक मोकळे, मीही मोकळा. मामांनी तो दाणा उचलून तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. "लोकांच्या डोक्यावर पडायची," ते म्हणाले, "कुटं जाऊन पडली." आणि शर्टाच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांना मेमो मिळाला. संगणक कक्षात पूजाद्रव्ये वापरून यंत्रणेत बिघाड घडवून आणल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. जूनमध्ये अटेंडंटची जागा भरताना सेवापुस्तक उघडलं जाणार, आणि त्यात हा कागद लागणार, हे न कळण्याइतकं कोणीच अडाणी नव्हतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी मला खरं कारण सापडलं.

सांगायला लाज वाटते इतकं साधं होतं. चार साखळ्या आणि त्यांच्यातलं लोह, असं पाच वेळा रंगवायचं होतं. दरवेळी त्याच ओळी लिहायचा कंटाळा, म्हणून मी एक छोटी वेगळी फाइल केली होती आणि मोठ्या यादीत पाच ठिकाणी लिहिलं होतं: आता ती चिठ्ठी बघ. त्या चिठ्ठीच्या शेवटी, अगदी तळाला, एक ओळ होती. 'आता दाखव.' मोठी यादी मी दहा वेळा चाळली. चिठ्ठी उघडून बघितलीच नव्हती. आचारी बिचारा सांगितलेलंच करत होता.

ती ओळ खोडली. फाइल चालवली. दीडेक मिनिट स्क्रीन काळी, आणि मग हिमोग्लोबिन एकदम आलं. पुरं, रंगीत, फिरतं. दुपारची वेळ, खोलीत मी एकटा. इतकं सुंदर दिसत होतं आणि मला दरदरून घाम फुटला.

पंधरा पावलांवर प्राचार्यांची केबिन होती. मी उठलो, चपला घातल्या, आठएक पावलं गेलो. मग डोक्यात आलं, जूनमध्ये माझंही सेवापुस्तक उघडणार. स्वतःची चूक आणि वर संचालकांसमोर 'शक्य आहे'. मी पाणी प्यायलो आणि परत आलो. सगळ्यांना सांगितलं, कीबोर्ड आतून साफ केला, आता चालतंय. कोणालाच नवल वाटलं नाही. दाणा निघाल्यावर चालणारच.

याहून वाईट पुढे आहे. चौथ्या दिवशी मामा कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले.

"सर, तुमचं अक्षर चांगलं हाय. खुलासा लिवून द्या की."

मी त्यांच्याकडे बघितलं. आता सांगावं, असं मनात आलं. ओठ हललेही असतील. मामा म्हणाले, "लय न्हाई. अर्धा पान. तुमाला त्यातलं कळतं, म्हणून म्हटलं."

मी लिहिलं. 'सदर अक्षत माझ्या हातून अनवधानाने कळफलकात जाऊन...' कळफलक हा शब्द मी मुद्दाम वापरला, भारदस्त दिसावा म्हणून. मामांनी वाचून घेतलं. "दाणा एकच हुता, ही लिवा," म्हणाले. "न्हाईतर त्येंना वाटंल मूठभर टाकल्या." मी लिहिलं. "आन देवाच्या नावानं टाकली, ही पण." तेही लिहिलं. मामांनी खाली सही केली, एकेक अक्षर दाबून, जीभ दातात धरून. मग कागद फुंकला. "तुमी हाय म्हणून निभावलं, सर."

जानेवारीत साताऱ्याला निघालो. जीपमध्ये पुढे प्राचार्य आणि ड्रायव्हर, मागे मॅडम, मी, आणि मामा मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, गोधडीत गुंडाळलेला. कराडला चहाला थांबलो तर मामा उतरेनात. "ह्येला एकट्याला सोडून?" मी त्यांचा चहा जीपमध्ये नेऊन दिला. त्यांनी तो कॉम्प्युटरच्या अंगावर थेंब पडू नये म्हणून मान खिडकीबाहेर काढून प्यायला.

साताऱ्याच्या हॉलमध्ये मोठा रंगीत टीव्ही आणि त्याला जोडायचा डबा आधीच मागवून ठेवला होता. सगळं जोडून झाल्यावर मामांनी पिशवीतून एक पांढरं कापड काढलं. मधोमध कुंकवाने स्वस्तिक. अंतरपाट होता, गावाकडून आणलेला.

"मॅडम, ह्यो टीव्हीम्होरं धरतो," मामा म्हणाले. "आत काय शेवया-कुरडया हुतील त्या हुदेत. समदं झालं की सर रुमालानं खूण करतील, मी पाट सोडतो."

मी म्हणालो, "मामा, त्याची काही गरज नाही. आता बरोबर चालतंय."

"एक दाणा निघाला सर. आत दुसरा आसंल तर?"

दाण्याचा काही संबंधच नाही, असं म्हणायला हवं होतं. मी टीव्हीची वायर परत एकदा घट्ट केली. मॅडम कापडाकडे बघत होत्या. "धरू दे की," त्या म्हणाल्या. "मला आवडलं."

हॉल भरला. टीव्हीपुढे मामा कापडाचं एक टोक धरून सावधानमध्ये, दुसरं टोक साताऱ्याच्या कॉलेजच्या शिपायाकडे. मी बाजूच्या टेबलाशी, माझ्यापुढे छोटा मॉनिटर, शेजारी रुमाल. मॅडमनी दोन शब्द सांगितले, माझ्याकडे बघून मान हलवली, मी एन्टर दाबलं.

दीड मिनिट काळी स्क्रीन म्हणजे किती असतं, ते हॉलभर शिक्षक समोर बसल्याशिवाय कळत नाही. काहीच होत नाही. दोन माणसं कापड धरून उभी. पहिले वीस सेकंद लोक गंभीर होते. मग मागून एक आवाज आला, "भटजी कुठं गेलं?"

हशा पिकला. दुसरीकडून एक बाई म्हणाल्या, "मंगलाष्टकं तरी म्हणा कुणी." आणि कराडकडचे एक मराठीचे शिक्षक खरंच उभे राहिले. खणखणीत आवाज, खास कमावलेला. त्यांनी एक मंगलाष्टक लावलं आणि शेवटी सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "सावधान."

मॉनिटर काळा.

दुसरं झालं. "सावधान." पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्समधली बडीशेप का काय ती टीव्हीच्या दिशेने टाकली. मामा हलले नाहीत. डोळे माझ्या रुमालावर. मला माझ्याच हाताने लिहिलेला खुलासा डोळ्यासमोर दिसत होता. सदर अक्षत. कळफलक. मानेवरून घाम ओघळत होता, जानेवारीत. तिसरं मंगलाष्टक अर्ध्यावर आलं तेव्हा घामाचा थेंब डोळ्यात गेला. मी रुमाल उचलला आणि कपाळ पुसलं.

मामांनी पाट सोडला.

मागे काळाकुट्ट टीव्ही. मंगलाष्टक म्हणणारे सर शब्दाच्या मधोमध थांबले. मग सगळा हॉल हसायला लागला. मामा हातातल्या कापडाकडे बघत होते, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे. ज्यांचा बँड कधी आधी वाजला नव्हता, ते मामा. पहिल्या रांगेत प्राचार्य अर्धवट उठले. "अहो मामा, पुन्हा तुम्हीच..."

आणि रेणू आला. एकदम. काळ्यातून लाल, पिवळा, हिरवा, निळा, पुरा, आणि आला तो फिरतच आला. हसणारी माणसं तोंड उघडं ठेवून गप्प झाली. मॅडमच्या हातात वीस मिनिटांच्या भाषणाचे कागद होते. त्यांनी ते खाली ठेवले. रेणूने अर्धी गिरकी घेतली तेव्हा म्हणाल्या, "ही मागची बाजू." टाळ्या सुरू झाल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर प्राचार्य खुशीत होते. "झकास झालं. फक्त मामांनी पाट आधी सोडला." मागून मामा म्हणाले, "चुकलं सायेब." रुमाल माझा होता, हे म्हणायला सातारा ते कराड भरपूर रस्ता होता. मी त्यातला एक मैलही वापरला नाही.

कराडला परत चहा. मॅडमनी मला टपरीच्या कडेला बोलावलं. कपबशी हातात धरून, उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत म्हणाल्या, "मला एक कळलं नाही हो. आज्ञा फाइलमधून वाचल्या जात होत्या ना? मग एन्टर आपण एकदाच दाबत होतो. दाणा पाच वेळा कसा काय दाबेल?"

मी म्हणालो, "हो."

हा काही त्या प्रश्नाला जबाब नव्हता. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला. "जूनच्या आत काय ते करा," म्हणाल्या. त्यापुढे या विषयावर त्या कधीही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतः प्राचार्यांना सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. त्या मे महिन्यात निवृत्त झाल्या, निरोपाच्या दिवशी मला लाल खडूंची अख्खी पेटी देऊन गेल्या. त्यांना वाटलं असणार, मी करीन.

जूनमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मामांचं सेवापुस्तक उघडं होतं. "मामांचं काय करायचं सांगा," ते म्हणाले. "माणूस चांगला आहे. पण त्यांनी स्वतः लेखी कबूल केलंय. हे बघा." खुलासा माझ्यापुढे सरकवला. "अक्षर कुणाचं?"

"माझं, सर. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं."

"सुंदर आहे," प्राचार्य म्हणाले. "कळफलक. वा."

मी खाली मान घालून बसलो. त्यांना वाटलं, विनय. ती जागा दुसऱ्याला गेली. मला कायम केल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं आणि विभागात पेढे वाटले मामांनी. माझ्या हातावर दोन ठेवले. "एक मॅडमच्या वाटणीचा," म्हणाले.

त्या दसऱ्याला मामा कॉम्प्युटरच्या खोलीत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चौकटीला एक फूल लावलं आणि लांबूनच हात जोडले.

मामांच्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं. मी मनाशी पक्कं केलं, आज सांगायचंच. कडेगावच्या पुढे फाट्यावर उतरलो, उन्हात चालत मांडवात पोचलो. मामा पाण्याच्या टाकीशी होते, डोक्याला फेटा, सदऱ्यावर पाणी सांडलेलं. मी त्यांना टाकीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीची फाइल, तळाची ओळ, केबिनपासून परतलेली पावलं, खुलासा, रुमाल, जून. एका दमात. इतकं सलग मी वर्गातही कधी बोललो नाही.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"सर, तुमी लय चांगलं हाय. पर माझ्यासाटनं आसं काय अंगावर घिऊ नका."

"मामा, खरं सांगतोय. दाण्याचा संबंध नव्हता."

"दाणा पडला का न्हाई?"

"पडला."

"लाल हुता का न्हाई?"

"होता. पण..."

"मग." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ताप आलेलं पोर बरळतंय. "आवं, मी सोताच्या डोळ्यानं बगितलाय. आन कोटाचं म्हणाल तर उनाळ्यात उकाडतंयच त्येच्यात." पुढे त्यांना ती जागा मिळाली, निवृत्तीला अकरा महिने राहिले असताना, कोट बाह्यांना आखूड होता. पण ते पुढचं. टाकीमागे उभे असताना मला एवढंच कळत होतं की हा माणूस मला माफसुद्धा करणार नाही, कारण त्याच्या लेखी माफ करण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

मांडवातून कुणीतरी हाक मारली, मुहूर्त झाला. मामांनी कमरेचा रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. "आज मी पोरीचा बाप. माझ्याच्यानं खूण हुयाची न्हाई. तुमी उभं ऱ्हावा."

"मामा, मी नको."

"तुमीच. म्हाईतगार हाय तुमी."

मी मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिलो. बँडवाले माझ्याकडे डोळे लावून. एक पोरगी परात घेऊन फिरत होती. तिने माझ्या डाव्या हातात मूठभर काहीतरी दिलं. बघतो तर गुलाबाच्या पाकळ्या. तांदळाचा दाणा नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मामांनी बंद केल्यात अक्षता. आमच्या भावकीत आता कोण टाकत न्हाई. मशीन बिघाडत्यात म्हणं."

पहिलं सावधान झालं. दुसरं झालं. बँडवाल्याचा हात खरंच शिवशिवत होता. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात गेला, डोळा झोंबायला लागला. मी तो झोंबू दिला. पाचवं, सहावं. दुसऱ्या डोळ्यातही गेला. शेवटच्या सावधानला अंतरपाट खाली जाताना अंधूक पांढरं काहीतरी हललेलं दिसलं, तेव्हा रुमाल वर केला. बँड वेळेवर वाजला.

जेवणाच्या आधी मामांनी मला हाताला धरून व्याह्यांपुढे उभं केलं. माझे डोळे लाल झालेले, त्यांना वाटलं मुलीच्या लग्नात सरांना रडू आलं.

"ह्ये आमचे सर," मामा म्हणाले. "त्यो दाणा ह्येंनीच हुडकला."

व्याही म्हणाले, "कसला दाणा?"

"बसा," मामा म्हणाले, "सांगतो." मलाही त्यांनी शेजारीच बसवलं.